आमेन झालं की गोळी

आमच्यात माणूस भेटला की "सलाम" म्हणतात. ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत. समोरच्यानंही "सलाम" म्हटलं की झालं. आमच्या पाळकीणबाई मात्र तेवढ्यावर थांबत नसत. "सलाम. झोप झाली का?" असं त्यांचं एका दमात असे. सकाळी देवळात भेटल्या तरी तेच, भरदुपारी बाजारात भेटल्या तरी तेच. एकदा मयतीच्या घरी, प्रेत अजून अंगणात असताना, त्यांनी रडणाऱ्या सुनेला जवळ घेऊन तिच्या कानात हेच विचारलं. ती रडता रडता म्हणाली, "न्हाई बाई, म्हातारी अंथरुनाला खिळली तवापासून डोळ्याला डोळा न्हाई." बाईंनी तिला उठवून आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि दाराशी स्टूल टाकून बसल्या. भेटायला आलेल्या बायकांना म्हणाल्या, "मेलेला मानूस कुठं जात न्हाई. हिला जरा पडू द्या."

आमच्या देवणी गावातल्या टारगट पोरांनी त्यांना 'झोपबाई' नाव ठेवलं होतं. त्यांच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवू द्या की. गुनाचं नाव हाय."

त्यांचं खरं नाव सुशीला. पण पाळकाच्या बायकोला आमच्याकडे कोणी नावानं हाक मारत नाही. पाळक म्हणजे देवळाचा धर्मगुरू, त्याची बायको ती पाळकीणबाई. पाळकांच्या बदल्या होतात, नवा पाळक येतो, नवी पाळकीणबाई येते, आणि जुनीचं नाव काय होतं ते कुणालाच आठवत नाही. मला मात्र ह्यांचं नाव आठवतं. त्याला कारण आहे.

आमचं देऊळ पत्र्याचं, मंडळी, म्हणजे देवळात येणारी माणसं, थोडी. वीटभट्टीवर जाणारे, गवंडीकाम करणारे, दोन-तीन घरं नोकरदार. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. माय मजुरीला जायची. मी सातवीत असताना तिची झोप उडाली. आधी ती पहाटेच उठून भांडी घासू लागली, मग घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. मग कोपऱ्याकडे तोंड करून मेलेल्या आजीशी बोलू लागली. नातेवाईक म्हणाले, बाहेरचं आहे. मंडळीतले म्हणाले, दुष्टात्मा आहे. एका उपास-प्रार्थनेला चार जणांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून इतक्या मोठ्यानं प्रार्थना केली की ती घाबरून बाकड्याखाली शिरली. त्यानंतर ती देवळाच्या नावानंच थरथरायची.

नव्या पाळकीणबाई पहिल्यांदा घरी आल्या त्या अशा दिवसांत. हातात छत्री. ही छत्री त्यांच्या हातात बारा महिने असे, ढग असोत नसोत. भोकरकडच्या त्या, बोलणं तिकडचं. जमिनीवर मांडी घालून बसल्या, मायकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सलाम विमल. झोप झाली का?"

मायनं हळूच मान हलवली. नाही.

"कवापासून?"

मायनं हात हवेत फिरवला. लई दिवस.

पाळक घरी आले की प्रार्थना लांबते. आम्ही डोळे मिटून तयार बसलो. पाळकीणबाईंची प्रार्थना अशी होती : "प्रभू, हिला झोप दे. आमेन." आम्ही डोळे उघडेपर्यंत त्यांनी पदर खोचून पुढचं बोलणं सुरू केलं होतं. "उद्या सकाळच्या एस्टीनं लातूरला जायचं. डोक्याच्या डाक्टरकडं."

अण्णा चाचरत म्हणाले, "पन बाई, समदे म्हनले प्रार्थनेनं व्हईल म्हून."

"मग करू की प्रार्थना. एस्टीत बसून करू. लातूर येईपर्यंत दुसरं काय करनार हावोत?"

घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून मलाही नेलं. त्या दवाखान्यातलं मला आठवतं ते लाकडी बाकडं आणि त्यावरची माणसं. कुंकू लावलेली एक बाई मुलाचा हात घट्ट धरून बसलेली. उदगीरची एक बुरखेवाली म्हातारी, तिच्याबरोबर तिची सून. पाळकीणबाईंनी सगळ्यांना झोप झाली का विचारून घेतलं. उदगीरच्या आजींना तर त्या 'आपा' म्हणू लागल्या, इतकी गट्टी जमली. कंपाउंडर त्यांना बघून ओळखीचं हसला. "लई जनांना घेऊन येते मी," त्या मायला म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

मायला गोळ्या सुरू झाल्या. पण ती त्या घ्यायला विसरे, कधी मुद्दाम टाळे. पाळकीणबाईंनी त्यावर आपली पद्धत काढली. आमच्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना असते. त्या म्हणाल्या, "आमेन झालं की गोळी. मधे भांडं उचलायचं न्हाई, अंथरून टाकायचं न्हाई. आमेन, की पानी."

"असं कामून बाई?" मायनं विचारलं.

"आमेन म्हंजे काय? तसं होवो. तू देवाला म्हनलीस, बरी कर. आमेन म्हनलीस. मग तसं होऊ दे की! गोळी तोंडात टाक."

त्यांच्या स्वतःच्या घरीही हेच चालायचं. घरी अभ्यासाला जागा नव्हती म्हणून देवळामागची खोली त्यांनी मला उघडून दिली होती, त्यामुळे मी त्यांच्याकडे जेवायलाही कितीदा असे. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली की बाई चष्म्याच्या डबीतून गोळी काढून घेत. "माझं बीपी हाय बाबा," असं त्या म्हणत. बीपीचा त्यांना उपयोगही बराच होता. कुणाच्या घरी फार वेळ बसायचं नसलं की बीपी, उन्हात काम करायचं नसलं की बीपी, देवळाच्या पंचांशी वाद घालायचा नसला की बीपी. याकोबआबा म्हणून आमचे वडीलधारे पंच होते. ते म्हणत, "बाईचं बीपी लई शहाणं हाय. बरुबर येळंला येतं."

देवळात बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला. पाळकीणबाई पुढच्या बाकावर. गीत चालू असताना त्या मागे वळून मायला शोधत. मग अंगठा ओठाला टेकवत आणि हनुवटी वर करत. म्हणजे, घेतली का? माय मान हलवे. कधी कधी सगळ्या बायका "देवा तुझी स्तुती" म्हणत असत आणि ह्या दोघींचं मधूनच अंगठा-हनुवटी चाले. लहान पोरं बघून खिदळत. मायही हसू लागली होती. तिला हसताना बघून अण्णा एकदा घराबाहेर जाऊन क्लॅरोनेट पुसत बसले. पुसायचं काही नव्हतं त्यात.

मी दहावी झाले त्या वर्षीचा उपासकाळ. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात उपासाचे. सगळेच काही चाळीस दिवस पोटाला मारत नाहीत. जो तो आपल्याला आवडणारी एखादी गोष्ट सोडतो. कोणी चहा सोडतं, कोणी मटण, कोणी तंबाखू, पोरं टीव्ही सोडतात. आणि शनिवारच्या प्रार्थनेत उभं राहून साक्ष देतात, मी अमुक सोडलं, प्रभूनं बळ दिलं.

त्या वर्षी एका शनिवारी माय साक्षीला उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती म्हणाली, "मी ह्या उपासाला माझी गोळी सोडली. प्रभूच्या नावानं. उपास धरल्यापासून घेतली न्हाई."

"हालेलूया!" कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. याकोबआबा उभे राहिले आणि म्हणाले, "इश्वास असावा तर असा." बायका मायच्या खांद्यावर हात ठेवू लागल्या. ज्या मंडळीत ती बाकड्याखाली शिरली होती तीच मंडळी आता तिच्याकडे कौतुकानं बघत होती. मायचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. पुढच्या बाकावर पाळकीणबाई तेवढ्या मागे वळल्या नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्या घरी आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली. "सलाम" म्हणाल्या नाहीत.

"विमल, गोळी सोडायला कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. माजं मीच."

"सोडायला दुसरं काई मिळालं न्हाई का?"

मायनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "काय सोडू बाई? चहाला आमच्याकडं दूध नसतं. मटन कवा शिजतं आमच्यात? टीव्ही न्हाई. समद्या बाया उठून कायबाय सोडत व्हत्या. माज्याकडं सोडायला गोळीच व्हती."

पाळकीणबाई मायच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी खूप समजावलं. डाक्टरनं काय सांगितलंय, एकदम बंद केल्यावर काय होतं. माय ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमी पाळकीन हाव. तुमाला बीपी हाय. डोक्याचं दुखनं तुमाला काय ठावं?"

बाई ह्यावर काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कोपऱ्यातली छत्री घेतली आणि गेल्या.

पहिले काही दिवस माय चांगलीच होती. मग एका पहाटे मला भांड्यांचा आवाज आला. ती घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मी अण्णांना उठवलं नाही, त्यांना तो आवाज आधीच आलेला होता. ते अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते. अण्णांनी हातापाया पडून बघितलं. पाळकीणबाई रोज येत, मायचा हात धरून बसत. लातूरच्या डाक्टरांना बाईंनी फोन लावला, त्यांनी घेऊन या म्हणून सांगितलं. पण एस्टी म्हटलं की माय दाराची चौकट धरून उभी राही. "उपास मोडंल," हे तिचं एकच. मंडळीपुढे बोललेला शब्द तिला मोडायचा नव्हता. त्याच शब्दामुळे तर ती माणसांत आली होती.

आणि उत्तम शुक्रवार आला. प्रभूला वधस्तंभावर दिलं तो दिवस. दुपारी बारा ते तीन उपासना असते, त्यात प्रभूचे शेवटचे सात उद्गार सात जण समजावून सांगतात. कडक उपास, उपासना संपेपर्यंत पाणीही नाही. एप्रिलातलं देवणीचं ऊन, वर पत्रे, आणि दोन पंखे कुरकुरत गरम वारा फिरवत असतात. माय आली होती. अण्णांनी तिला दाराजवळ बसवलं होतं, उठली तर धरता यावं म्हणून. मी तिच्या शेजारी. तिचे ओठ सारखे हलत होते.

पाचवा उद्गार तहानेचा. तो पाळकीणबाईंच्या वाट्याला आला होता.

त्या वेदीपाशी उभ्या राहिल्या. हातात शास्त्र, म्हणजे बायबल, नव्हतं. पितळी तांब्या-भांडं होतं. सगळ्यांना वाटलं, दाखवायला आणलं असेल, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना त्या असं काहीबाही आणत.

"प्रभूला तहान लागली," त्या म्हणाल्या. "देवाचा लेक तो. त्याला काय अवघड होतं? तहान गिळून टाकली असती. पन त्यानं सांगितलं. समद्या लोकांपुढं, दुश्मनांपुढं, आपल्या आईपुढं सांगितलं की मला लागतंय. त्याला लाज वाटली न्हाई. मला वाटली."

त्यांनी चष्म्याची डबी उघडली.

"ही गोळी मी रोज आमेन झाल्यावर घेते. तुमाला मी सांगत आले, बीपीची हाय. बीपीची न्हाई. डोक्याची हाय. माझी पोरगी गेली तवापासून घेऊन राहिले. लातूरच्या त्याच बाकड्यावर मी बी बसते. तुमच्यातल्या ज्यांना मी घेऊन गेले, त्यांच्या आधीपासून बसते."

पाळकसाहेब बाजूच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी खाली बघितलं नाही, बाईंकडेच बघत राहिले.

बाईंनी भांड्यात पाणी ओतलं. त्या उन्हात, त्या पत्र्याखाली, तहानेनं घसा कोरडा झालेल्या सगळ्या माणसांना तो पाण्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, हनुवटी वर केली आणि भांडंभर पाणी प्यायल्या.

पुरुषांच्या बाजूनं याकोबआबा उठले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "बाई, उपास मोडला की तुमचा! उत्तम शुक्रवारी!"

"मोडला आबा. उपास मोडला तर पुढल्या शुक्रवारी परत धरता येतो. डोकं मोडलं तर कुनी धरायचं? आमच्या उदगीरच्या आपा हायत, त्या बाकड्यावरच्या. रमजान आला की आधी डाक्टरला इचारतात, रोजा हाय, गोळी कवा घेऊ? आपल्या विमलनं इचारलं न्हाई. कारन ती जिला इचारनार, ती पाळकीन बीपी बीपी करत बसली होती." मग थांबून त्या म्हणाल्या, "आमेन," आणि जागेवर जाऊन बसल्या.

सहावा उद्गार ज्यांच्याकडे होता ते काय बोलले, मला काही आठवत नाही.

तीन वाजता उपासना संपली. अंगणात लिंबाखाली रांजण होता, सगळे तिथं पाण्याला धावले. पाळकीणबाईंच्या जवळ कोणी गेलं नाही. त्या छत्री उघडून एकट्याच उभ्या होत्या. माय अण्णांचा हात सोडवून त्यांच्याकडे गेली. मी मागून तिच्या चपला घेऊन गेले, ती तापलेल्या फरशीवर तशीच निघाली होती म्हणून.

"तुमाला बी हाय?" मायनं विचारलं.

"हाव."

"तुमाला बी कुनी हाका मारतं?"

"मारायची. लेक. रांधताना मागून 'आई' म्हनायची. लई दिवस."

"आता?"

"आता झोप लागते."

मायनं हात पुढे केला, तळवा वर करून. मायच्या गोळ्यांची पट्टी अण्णांनी तिच्या उपासापासून खिशात बाळगली होती. पण पाळकीणबाई आधी डाक्टरांना फोन लावून बसल्या. किती, कशी, पुन्हा कुठून सुरू करायची ते विचारून घेतलं, मगच अण्णांकडून पट्टी घेतली. मायनं गोळी घेतली ती त्याच पितळी भांड्यातून. सोमवारी आम्ही लातूरला गेलो. एस्टीत माय खिडकीशी बसली.

त्याची किंमत बाईंनी मोजली. रविवारची शाळा त्यांच्याकडून काढून घेतली. "लेकरांना वाईट वळन लागंल," असं कोणीसं पंचांच्या बैठकीत बोललं. काही घरांनी त्यांना चहाला बोलावणं बंद केलं. पाळकसाहेबांना मी एकदा देवळामागच्या खोलीत विचारलं होतं, बाईंनी इतकी वर्षं बीपी का सांगितलं. ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, बेटा. म्हटलं, पाळकाचं घर आहे, लोक काय म्हणतील. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती." त्याच्या पुढच्या रविवारी सामुदायिक प्रार्थनेत, आजाऱ्यांची नावं घेताना, ते शुगरवाल्यांसाठी, कंबरदुखीवाल्यांसाठी प्रार्थना करून झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "आणि ज्यांचं मन आजारी आहे त्यांच्यासाठी. माझ्या सुशीलासाठी." बायकोचं नाव त्यांनी देवळात मोठ्यानं घेतलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. म्हणून मला ते नाव आठवतं. पुष्कळ दिवसांनी त्याच प्रार्थनेत पुरुषांच्या बाजूनं एक दबका आवाज आला, "माज्या पुतन्यासाठी बी." तो याकोबआबांचा होता.

पुढे त्यांची किनवटला बदली झाली. मी लातूरला कॉलेजात गेले, आमच्या गल्लीतली पहिली पदवीधर झाले, शिक्षिका झाले. पाळकसाहेब निवृत्त होऊन दोघं नांदेडला मुलाकडे राहिले. मागच्या वर्षी पाळकसाहेब गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "ताई, आई बोलत नाही. जेवत नाही. गोळी हातात दिली की उशीखाली ठेवते. डॉक्टर म्हणतात घ्यायला लावा. तुमच्याबद्दल ती बोलायची, म्हणून..."

मी मायला सांगितलं. लातूरचा दवाखाना सोडला तर कधी उदगीरच्याही पुढे न गेलेली माझी माय म्हणाली, "चल."

पाळकीणबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. अंगानं अर्ध्या झालेल्या. छत्री खुंटीला टांगलेली. माय पलंगापाशी जमिनीवर मांडी घालून बसली.

"सलाम बाई. झोप झाली का?"

माय थांबली. तिला घाई नव्हती. भिंतीकडची मान हळूहळू हलली. नाही.

"कवापासून?"

हात चादरीखालून वर आला आणि हवेत फिरला.

मायनं डोळे मिटले. मला वाटलं, आता मोठी प्रार्थना होणार. माय हल्ली मंडळीत चांगली प्रार्थना करते. "प्रभू, हिला झोप दे," ती म्हणाली. "आमेन."

मग तिनं माझ्याकडे हात केला, मी पाणी दिलं, बाईंच्या सुनेनं गोळी दिली. पाळकीणबाई वळल्या. त्यांनी मायकडे बघितलं, गोळीकडे बघितलं. "मला नको विमल," अगदी बारीक आवाजात. "साहेब गेले. आता कामून?"

"ते मला ठावं न्हाई," माय म्हणाली. "पन आमेन झालंय."

बाईंच्या गालात काहीतरी हललं. हसू म्हणवणार नाही. पण त्यांनी तोंड उघडलं.

आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. निघताना रिक्षा दाराशी उभी होती, माय आत बसली होती, मी पिशव्या ठेवत होते. वर बघितलं तर सुनेनं पाळकीणबाईंना खिडकीशी खुर्ची टाकून बसवलं होतं. मायनं रिक्षातून डोकं बाहेर काढलं, अंगठा ओठाला टेकवला आणि हनुवटी वर केली. खिडकीतल्या पाळकीणबाईंनी मान हलवली. घेतली. आणि अंगठा आपल्या ओठाला लावून त्यांनीही मायला तेच विचारलं.

"घेतली की हो बाई!" माय रिक्षातून ओरडली. रिक्षावाला दचकून मागे वळला.